मागे चालणाऱ्या मोहरील मॅडम

गड चढताना मोहरील मॅडम सगळ्यांच्या मागे असत.

आमच्या रामटेकच्या शाळेत दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या शनिवारी सातवीचा वर्ग गडावर न्यायची पद्धत होती. ती मॅडमनीच पाडलेली. गड तर वर्गाच्या खिडकीतून दिसायचा, निम्म्या मुलांची घरं त्याच्या पायथ्याशीच होती. कुणी तसं बोलून दाखवलं की मॅडम म्हणत, "दिसतो तो वेगळा आणि चालून होतो तो वेगळा." इतर शिक्षक अशा वेळी पुढे चालतात, शिट्टी वाजवतात, 'चला चला' करतात. मॅडमच्या गळ्यातही शिट्टी असे, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. पुढे कुणीही जावो, मॅडम शेवटच्या मुलीच्या मागे चार पायऱ्या सोडून. कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट.

त्यांना जाऊन दोन महिने झाले. बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होते. हातातली फाइल पूर्ण केली, कपाटात ठेवली आणि प्रतापनगरला त्यांच्या घरी गेले. सगळं पार पडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑफिसात आले. मला अजून रडू आलेलं नाही. ते आलं की मग त्यांच्याबद्दल लिहू, असं मनात होतं. पण ते येईलसं दिसत नाही, म्हणून तसंच लिहायला बसले आहे.

मॅडम भूगोल आणि इतिहास शिकवत. हिंदुस्थानचा नकाशा काढताना कच्छपासून सुरुवात करत आणि खडू न उचलता सगळा किनारा खाली कन्याकुमारीपर्यंत, तिथून वर बंगालपर्यंत नेत. नकाशा झाला की हात झटकत आणि वर्गाकडे न बघताच म्हणत, "बरं." हे 'बरं' त्यांचं चलन होतं. शाबासकी त्यांनी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. उत्तर चुकलं तरी 'बरं', बरोबर आलं तरी 'बरं'. आम्ही ते 'बरं' ऐकून ओळखायचो, कुठलं कोणतं ते. वर्गात त्या अगदी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत आणि वर्गाचा उंबरठा ओलांडला की आमच्यासारखं. वर्गात 'तुला का उशीर झाला?' आणि व्हरांड्यात 'काहून उशीर केला वं?' व्हरांड्यातल्या प्रश्नाची भीती वाटत नसे.

मी रामटेकपासून सहा किलोमीटरवरच्या गावातली. घरी धानाची शेती. माझ्याआधी आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. सातवीत आमचा वर्ग गडावर निघाला तेव्हा अर्ध्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी चप्पल हातात घेतली आणि मुद्दाम मागे राहू लागले, म्हणजे कुणाला दिसू नये. पण मागे मॅडम होत्या.

"काहून थांबली वं?"

"मॅडम, तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून."

"माझ्या मागून कोणी येत नसते. चाल."

"पोट्टे हासून राहिले मॅडम. म्हणतात, ही माया शेवटची."

"शेवटची मी आहे. तू कशी काय शेवटची? जाय, सांग त्याईले."

मी काही सांगितलं नाही. पण दगडाच्या त्या तापलेल्या पायऱ्या मी अनवाणी चढले आणि वर पोहोचले. वर मॅडमनी पर्समधून आवळासुपारीची पुडी काढली, सगळ्यांना दिली, शेवटी स्वतः घेतली. माझ्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "बरं." ते चांगल्यातलं होतं.

ही मागे चालायची रीत कुठून आली ते त्यांनी मला खूप वर्षांनी सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याही पुढे चालल्या होत्या. मंदिराच्या दाराशी डोकी मोजली तर एक कमी. धावत खाली आल्या. निम्म्या वाटेवर एक मुलगी पायरीवर बसलेली. तिला दम लागला होता. माकडानं तिचा डबा नेला होता आणि ती गप्प बसून होती. मॅडम तिला रागावल्या, "हाक का मारली नाहीस?" तर ती म्हणाली, "मले वाटलं तुम्हाले माहीत आहे." हे सांगून मॅडमनी आवळासुपारीची पुडी काढली. मग म्हणाल्या, "त्या दिवसापासून मी पुढे गेले नाही, माया. पुढे चालणाऱ्याले काही माहीत नसते."

त्यांचा मुलगा अनिकेत आमच्याहून सहा-सात वर्षांनी लहान. मोहरील सर बँकेत होते, ते लवकर गेले. मुलाला घरी कुणाकडे ठेवायचं, म्हणून मॅडम त्याला चार वर्षांचा असल्यापासून दर सहलीला गडावर आणत. तो आईचं बोट धरून सगळ्यांच्या मागे चढायचा. पुढे बोट सुटलं, पण जागा तीच राहिली. लग्नाच्या पंगतीतही तो सगळे बसल्यावर बसायचा. शाळेतल्या बाया त्याची चेष्टा करत, "मॅडम, तुमचं पोट्टं अंगणवाडीतच रिटायर झालं जी!" मॅडम हसत नसत, पण तोंड किंचित वाकडं करत. हसू आलं की तसं व्हायचं त्यांचं.

बारावीला मला बरे गुण पडले. बाबांचं म्हणणं, झालं तेवढं पुष्कळ झालं. मॅडम एस.टी.नं गावात आल्या. फाट्यापासून चालत. आमच्या अंगणात खाटेवर बसल्या, चहा घेतला, पिकापाण्याची चौकशी केली. बाबा उभेच होते.

"भाऊ, धानाले लोंब आली की लगेच कापता का तुम्ही?"

"नाही जी. दाणा भरू द्या लागते."

"किती दिवस?"

"महिना तरी लागते मॅडम. कवळा कापला त नुसता कोंडा निघते."

"मंग हिचा दाणा भरू द्या. तीन वर्षं लागते याले."

बाबांनी रिकामा कप उचलला. मॅडम गेल्यावर आईला म्हणाले, "बाई मोठी हुशार आहे. माझ्याच तोंडून वदवलं." पुढे बाबा गावात हे स्वतःच सांगत, जणू ती कल्पना त्यांचीच होती.

नागपूरला कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी मॅडम माझ्यासोबत होत्या. रांग लांब होती. मला वाटलं, त्या पुढे होऊन बोलतील. त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पालक कुठे आहेत?" मी मागे वळून पाहिलं. मॅडम माझ्या डोक्यावरून त्याला म्हणाल्या, "इथंच आहेत. तुम्ही तिला विचारा. ती सांगेल." मग मला सांगावंच लागलं. माझं नाव, गाव, विषय, कुठल्या गटात यायचं आहे ते. मी चाचरत बोलत होते. मागून काही ऐकू येत नव्हतं, पण कुणीतरी आहे एवढं कळत होतं. मी आज सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे, रोज खिडकीच्या अलीकडच्या बाजूला बसते. पलीकडे कुणी चाचरत बोललं की मला थांबता येतं. ते मी तिथं शिकले.

निवृत्तीनंतर मॅडम नागपूरला प्रतापनगरात राहायला आल्या. अनिकेत इंजिनिअर झाला आणि विशाखापट्टणमला एका कंपनीत लागला. मी दर रविवारी मॅडमकडे जात असे. अनिकेतचा फोन साधारण साडेदहाला यायचा. मॅडम फोनवर फार बोलत नसत. "जेवला का? बरं. ऊन आहे का तिकडे? बरं."

पाच वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एका रविवारी तो फोन आला नाही. संध्याकाळी दुसऱ्या कुणाचा आला.

अनिकेत ऑफिसमधल्या लोकांसोबत शहराबाहेरच्या एका टेकडीवर गेला होता. समुद्राला लागून ती टेकडी आहे. वर दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत, म्हणून लोक बघायला जातात, आणि जंगलातून चालायच्या वाटाही केलेल्या आहेत. माणसं अकरा होती, त्यांत तीन लहान मुलं. उतरताना एका वळणावर, जिथं कधीकाळी दगड काढल्यामुळे कडा तुटलेला आहे, अनिकेत पडला. बाकीचे खाली गाड्यांपाशी पोहोचले, पाणी प्यायले, गप्पा मारल्या आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं.

"तो मागे होता," असं फोनवर सांगितलं गेलं. कागदांतही तेच होतं.

मॅडम तेव्हा गेल्या नाहीत. त्यांचे दीर जाऊन त्याला घेऊन आले. घरी माणसं जमली, रडली. मॅडम नाही रडल्या. तेराव्यानंतर मी गेले तर त्या साडीला इस्त्री करत होत्या. मला म्हणाल्या, "तो मागे काहून होता, माया?"

मला त्याच क्षणी उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "काय माहीत, मॅडम."

पुढची तीन वर्षं हा एकच प्रश्न होता. त्या रोज उठत, फिरून येत, स्वयंपाक करत. घर स्वच्छ असे. टीव्ही चालू असे, पण काय चाललंय हे विचारलं तर त्यांना सांगता येत नसे. कधी मध्येच म्हणत, "चार वर्षांचा असल्यापासून गड चढते तो. दमणारा नव्हता." मी भाजी निवडत असले तर खाली मान घालून निवडत राही. उत्तर माझ्या जिभेवर असायचं. मला वाटायचं, हे त्यांना सुचत कसं नाही? आणि नाही सुचत तेच बरं. ज्या बाईनं पोराला मागे चालायला शिकवलं, तिलाच ते कोण सांगणार?

तिसऱ्या वर्षी त्या म्हणाल्या, "माया, तुले चार दिवस सुट्टी आहे का? मले ती टेकडी पाहायची आहे. त्याच्यासोबत जो होता त्याले विचारायचं आहे."

मी तिकिटं काढली. आणि जायच्या आदल्या दिवशी मी एक गोष्ट केली. अनिकेतचा तिथला मित्र श्रीनिवास, जो त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे चालत होता, त्याला फोन केला. हिंदीत म्हटलं, भाऊ, मॅडम विचारतील तो मागे का होता. तुम्ही सांगा, त्याला त्या दिवशी ताप होता, अशक्तपणा होता. बाकी काही सांगू नका. मग म्हणाला, "ठीक है दीदी."

मला वाटलं, मी मॅडमसाठी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं.

गाडीत मॅडमनी मेथीच्या पोळ्या आणि लसणाची चटणी आणली होती. समोरच्या बर्थवरच्या बाई राजुऱ्याच्या होत्या. त्यांनी विचारलं, "फिराले जाऊन राहिल्या का जी? समुद्र पाहाले?" मॅडम म्हणाल्या, "हो. समुद्र पाहाले." त्या बाईंनी मग समुद्रात पाय बुडवताना चपला कुठे ठेवायच्या ते नीट समजावून सांगितलं, कारण त्यांच्या जावेच्या चपला लाटेनं नेल्या होत्या, आणि जाऊ दोन दिवस पुरुषी स्लिपरा घालून हिंडली होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या.

बाई झोपल्यावर मॅडम खिडकीबाहेर पाहत मला म्हणाल्या, "माणूस मागे काहून राहते, सांग. एक तर तो दमते. नाही तर त्याले पुढे यायचंच नसते."

मी म्हटलं, "मॅडम, पडा तुम्ही थोड्या."

त्या काय म्हणत होत्या ते मला तेव्हा कळलं नाही. ऐकू मात्र आलं होतं. हे मी स्वतःला माफ करू शकत नाही, असं लिहिणार होते, पण तेवढंही काही वाटत नाही. फक्त ते वाक्य आठवतं.

श्रीनिवास सकाळीच हॉटेलवर आला. पस्तिशीचा, जाडसर, ओशाळलेला. त्यानं मॅडमच्या पाया पडायला वाकून अर्ध्यातच हात मागे घेतले. गाडीत तो सारखा रस्त्याची माहिती देत होता. हे अमुक, ते तमुक, इथं मासे चांगले मिळतात. एका बाजूला समुद्र होता. मॅडमनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग पुढच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिल्या.

टेकडी फार उंच नाही. आपल्या गडाएवढी असेल. तांबडी माती, काजूची झाडं, मधेमधे ताडाची. वाट रुंद आहे, लोक सकाळी फिरायला येतात. श्रीनिवास पुढे, मी मध्ये, मॅडम मागे. तो दर दहा पावलांवर मागे वळून पाहत होता. अर्ध्या वाटेवर एका वळणाशी आता तारेचं कुंपण घातलेलं आहे. तिथं तो थांबला नाही. पण त्याची मान खाली गेली, आणि मला ती जागा कळली. मी दुसरीकडे पाहिलं. मागे मॅडमच्या पावलांचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

वर मोकळं पठार आहे. विटांचे गोल चौथरे, ओळीनं खोल्यांचे पाये, खडकात कोरलेली पाण्याची टाकी. खाली सगळा समुद्र. पाटीवर लिहिलं होतं की भिक्षू पावसाळ्याचे महिने इथं काढत. मॅडमनी पाटी पूर्ण वाचली, चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचली. एका टाक्यात वाकून पाहिलं. "आत पाणी आहे अजून," म्हणाल्या. कुठल्याशा शाळेची मुलं आली होती, विटांवरून उड्या मारत होती. मॅडम त्यांच्याकडे पाहत होत्या. मोजत असाव्यात.

मग एका झाडाखाली त्या बसल्या आणि श्रीनिवासला समोर बसवलं.

"बेटा, वह पीछे क्यों था?"

श्रीनिवासनं माझ्याकडे पाहिलं नाही, एवढं मला आठवतं. "आंटी, उस दिन उसको बुखार था. थोड़ी कमजोरी थी. इसलिए धीरे चल रहा था."

"कब से था बुखार?"

"सुबह से."

"सुबह से था, तो आया काहे को?"

"हमने बोला था मत आओ... वह नहीं माना."

मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या. परीक्षेत कुणी कॉपी केली की त्या अशा गप्प राहत. मग म्हणाल्या, "पंचनाम्यात लिहिलं आहे. घड्याळ, फोन, आणि एक छोटी पाण्याची बाटली, गुलाबी." आपण मराठीत बोलत आहोत हे लक्षात येऊन त्यांनी परत हिंदीत सांगितलं. "वह बाटली किसकी थी?"

श्रीनिवास खाली बघत राहिला. "मेरी बेटी की."

"जिसको बुखार है, वह दूसरे की बच्ची का सामान नहीं उठाता, बेटा."

त्यानं आता माझ्याकडे पाहिलं. आणि मॅडमनी त्याच्या नजरेमागून माझ्याकडे पाहिलं.

"तू सांगून ठेवलं का वं त्याले?"

"हो मॅडम."

"काहून?"

मुलं विटांवरून ओरडत होती. मॅडम म्हणाल्या, "आठ दिवस अगोदर त्याचा फोन आला होता. म्हणे, आई, मन लागून नाही राहिलं इथं. नोकरी सोडतो, नागपूरले येतो. मी म्हटलं, दोन वर्षं काढ अजून, असं मधात सोडून कोणी येते का? तर म्हणाला, बरं." त्यांनी पायाजवळचं वाळलं पान उचललं. "मी तीन वर्षांपासून त्या 'बरं'चा विचार करून राहिली, माया. तो मागे काहून राहिला. कोणी पाहू नये म्हणून राहिला का. आणि तू मले ताप सांगतं."

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी दर रविवारी जात होते, मलाही नाही. मला वाटत होतं की त्या एका उत्तरापासून मी त्यांना वाचवते आहे. आणि त्यानं स्वतःहून जीव दिला की काय या भीतीनं त्या तेच एक उत्तर ऐकायला एवढ्या लांब आल्या होत्या.

"सांगा," मी श्रीनिवासला म्हटलं. "सच बोल दो, भैया."

श्रीनिवासनं सांगितलं. त्याची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. उतरताना ती सारखी मागे पडत होती, फुलं वेचत होती. अनिकेत तिच्या मागे होता. तो नेहमीच मागे असायचा, कुठंही गेले तरी. सुरुवातीला सगळे त्याला हसत, मग सवय झाली. उलट बरं वाटायचं, मागे अनिकेत आहे म्हटलं की पुढच्यांनी बघायचं कारण नसे. त्या दिवशी तर तो मजेत होता, मुलांना इथल्या टाक्यांच्या गोष्टी सांगत होता, काही खऱ्या, काही बनवलेल्या. खाली गाड्या दिसू लागल्यावर त्यानं मुलीला पुढे पाठवलं, पप्पांकडे जा, मी आहे मागे. ती पळत आली. एवढंच.

"एक बार पूछा था मैंने, तू हमेशा पीछे क्यों चलता है," श्रीनिवास म्हणाला. "बोला, घर का रिवाज है."

मॅडम समुद्राकडे पाहत होत्या. वारा होता, पण त्यांचा पदर पिननं पक्का लावलेला असे, तो हलला नाही.

"म्हणजे मी शिकवलेलंच," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम," मी म्हटलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"बरं."

हे कुठलं 'बरं' ते मला ओळखता आलं नाही. इतक्या वर्षांत तसं पहिल्यांदाच झालं. त्यांच्या चेहऱ्यावर काही सुटल्यासारखं दिसलं नाही आणि काही तुटल्यासारखंही नाही. त्या उठल्या, साडीची माती झटकली.

"बच्ची कैसी है?" त्यांनी श्रीनिवासला विचारलं.

"तीसरी में है, आंटी. उसको बोला है, अंकल का ट्रान्सफर हो गया."

"अच्छा. बड़ी होकर पूछेगी, तब सच बताना. बुखार मत बताना."

श्रीनिवास रडायला लागला. चांगला मोठा माणूस, तोंडावर रुमाल धरून उभ्या उभ्या रडत होता. शाळेची मुलं उड्या मारायची थांबून बघू लागली. मॅडमनी त्याच्या दंडावर दोनदा थोपटलं, जशी वही तपासून झाली की त्या थोपटून परत देत. म्हणाल्या, "चलो. धूप हो रही है."

उतरायला निघालो तर वाटेच्या तोंडाशी एक अडचण झाली. श्रीनिवास बाजूला होऊन उभा राहिला, आम्ही पुढे व्हावं म्हणून. त्या दिवसानंतर तो उतरताना कुणाला आपल्या मागे राहू देत नाही, हे त्यानं मला नंतर सांगितलं. मॅडमही थांबल्या, कारण त्यांना कुणाच्या पुढे चालणं माहीतच नव्हतं.

"आप चलिए, आंटी."

"नहीं, तुम चलो."

"आंटी, प्लीज."

"अरे चलो बेटा, मेरी आदत है."

मी दोघांच्या मध्ये. मागून उतरणारं एक जोडपं आमच्यामुळे खोळंबलं. त्यातला पुरुष तेलुगूत काहीतरी म्हणाला. श्रीनिवास हात जोडून तसाच उभा. त्याचे डोळे अजून लाल होते. मॅडमनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग साडीच्या निऱ्या डाव्या हातात धरल्या आणि पुढे झाल्या.

त्यानंतर मॅडम दोन वर्षं होत्या. मी रविवारी जात राहिले. टेकडीबद्दल आम्ही बोललो नाही. शेवटी शेवटी त्या दवाखान्यात होत्या, मी शेजारी बसलेली असायचे. तेव्हाचा चेहरा मला नीट आठवत नाही. डोळे मिटले की मला त्या दिसतात त्या या उतारावर.

इतक्या वर्षांत मी त्यांची चालतानाची पाठ पाहिली नव्हती. आमच्यापैकी कुणीच पाहिली नसणार. दोन खांद्यांमध्ये घामाचा डाग होता. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूला झिजली होती. मी त्यांच्या मागे, माझ्या मागे श्रीनिवास. कुंपणाच्या वळणाशी त्यांनी वरच्या तारेला हात लावला, चालता चालताच, आणि हात तारेवरून ओढत नेला, जिथं तार संपते तिथपर्यंत. थांबल्या नाहीत.

मग त्यांचा वेग वाढला. वाढला म्हणजे तो त्यांचा खराच वेग असावा. सहासष्टाव्या वर्षी त्या इतक्या झपाझप उतरत होत्या की मला पळावं लागलं. तीस वर्षं आमच्या मागे ही बाई किती हळू चालत होती, ते मला तिथं कळलं. आमच्यातलं अंतर वाढत गेलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पुढे काजूच्या झाडांपाशी वाट उजवीकडे वळते, तिथं त्यांची साडी एकदा दिसली. मग नुसती वाट उरली, आणि खाली समुद्र.

मी हाक मारली नाही. चालत राहिले.